खरकट्याचे अर्थशास्त्र : सिंकखालचे यंत्र आणि बेळ्ळंदूरचा तलाव

शहरी घनकचऱ्याचा विचार करताना आपले लक्ष साधारणतः कचराभूमीकडे जाते. तो कचरा जेथे जन्माला येतो त्या स्वयंपाकघरातील सिंककडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः भारतीय घरातून निघणाऱ्या कचऱ्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा आणि ताटातले खरकटे हे त्याचे मुख्य घटक होत. हा कचरा घराबाहेर नेऊन देण्याऐवजी सिंकखालीच दळून पाण्याबरोबर वाहून घालविण्याचे एक यंत्र मिळते. बंगळूरच्या पूर्व भागातील बेळ्ळंदूरसारख्या वसाहतींत, म्हणजे माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात अशा निवासी संकुलांत, ते बसवावे की नाही हा प्रश्न गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत येऊ शकतो. त्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. प्रश्न वरवर घरगुती वाटतो. परंतु खासगी लाभ व सामाजिक खर्च यांतील अंतर समजून घेण्यास इतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल, आणि बेळ्ळंदूरमध्ये तर त्या अंतराचे फलित डोळ्यांसमोर तलावाच्या रूपाने पसरलेले आहे.

यंत्र व त्याची जोडणी

हे यंत्र नवे नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचे वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये त्याची कल्पना प्रत्यक्षात आणली आणि १९३८ मध्ये त्याच्या उत्पादनासाठी कंपनी स्थापन केली. यंत्रात पाती असतात असा सर्वसाधारण समज आहे, तो चुकीचा आहे. आत एक फिरती तबकडी असून तिच्यावर बोथट ठोकळे बसविलेले असतात. तबकडी वेगाने फिरू लागली की खरकटे कडेला फेकले जाते, तेथील खरखरीत कड्यावर घासून बारीक होते आणि पाण्याबरोबर नळीत उतरते. मिक्सरपेक्षा जुन्या जात्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे असे म्हणता येईल.

जोडणी करताना पहिली अडचण सिंकच्या छिद्राचीच येते. यंत्राला सुमारे ९० मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच व्यासाचे छिद्र लागते. आपल्याकडील अनेक जुन्या स्टीलच्या सिंकना त्याहून लहान छिद्र असते. मग सिंक बदलावे लागते किंवा कापावे लागते, आणि पातळ पत्र्याचे सिंक यंत्राच्या वजनाने व कंपनाने थरथरते. छिद्रात वरून झाकणीची कडी बसवून तिच्याखाली पाणी न झिरपणारी पुटी भरतात, खालून आधाराची कडी स्क्रूने आवळतात व तिच्यात यंत्र अडकवून फिरवतात. यंत्राच्या बाजूची निर्गम नळी पुढे पाणी साठून राहणाऱ्या वळणाच्या नळीला, म्हणजे ट्रॅपला, जोडली जाते. हा ट्रॅप काढून टाकला तर गटारातील वायू थेट स्वयंपाकघरात येतात.

खरी चूक बहुधा उंचीत होते. सिंकखाली यंत्र अडकविल्यावर त्याचे निर्गम तोंड पूर्वीच्या नळीपेक्षा बरेच खाली येते. भिंतीतील सांडपाण्याचे तोंड त्याहून वर असेल तर दळलेला लगदा चढ चढू शकत नाही. तो यंत्रातच साठून आंबतो, आणि दोन आठवड्यांत घरात दुर्गंधी सुटते. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी भिंतीतील तोंडाची उंची मोजणे हे पहिले काम होय. दुसरे काम विजेचे. सिंकखाली ओल असते. तेथे व्यवस्थित अर्थिंग केलेला सॉकेट, त्या मंडलावर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण, आणि ओल्या हाताला सहज लागणार नाही अशा जागी बटण एवढे हवेच. काही यंत्रांना हवेच्या दाबाने चालणारे बटण मिळते. ओट्यावर बसविण्यास ते अधिक सुरक्षित असते.

वापराचे नियम थोडे आहेत, पण ते आपल्या स्वयंपाकाला अडचणीचे आहेत. आधी थंड पाण्याचा नळ सुरू करावा, मग यंत्र चालवावे, आणि आवाज हलका झाल्यावरही पंधरावीस सेकंद पाणी वाहू द्यावे. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याच्या कणसाची साल, केळफुलाची पाने, नारळाची शेंडी व करवंटी, आंब्याची कोय यांपैकी काहीही त्यात टाकू नये. दोरे तबकडीला गुंडाळले जातात व कठीण वस्तू अडकतात. तूप व तळणीचे तेल तर मुळीच ओतू नये, कारण ते नळीत थिजते व त्यावर दळलेला लगदा चिकटतो. यंत्र अडकल्यास वीज बंद करून तळाच्या छिद्रात षट्कोनी चावी घालून तबकडी मागेपुढे फिरवावी. आत हात घालू नये. म्हणजे यंत्र बसविल्यानंतरही ओल्या कचऱ्याची एक बादली घरात राहतेच. विक्रेते ही गोष्ट सहसा आपण होऊन सांगत नाहीत.

नळीच्या पलीकडे

घरापुरता हिशेब केला तर यंत्र फार स्वस्त पडते. ५५० वॅटची मोटर रोज दोन मिनिटे चालली तर वर्षाला सात युनिटांहून कमी वीज लागते. मिनिटाला आठ लिटर पाणी देणारा नळ तेवढाच वेळ सुरू ठेवला तर रोजचे पाणी १६ लिटर होते. चार माणसांच्या घरात माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरल्यास एकूण वापर ५४० लिटर येतो. त्याच्या तुलनेत ही वाढ तीन टक्के आहे, आणि ती कोणत्याही कुटुंबाला जाणवणार नाही.

आता हाच हिशेब ३०० सदनिकांच्या संकुलासाठी करून पाहू. ३०० घरांचे १६ लिटर म्हणजे दिवसाला ४,८०० लिटर, म्हणजेच रोज पाण्याचा एक लहान टँकर. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या अनेक भागांत कूपनलिका आटल्या, तेव्हा शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला होता. त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या संकुलाला ही वाढ तीन टक्के एवढीच दिसणार नाही.

पाण्यापेक्षा घन पदार्थांचा हिशेब अधिक बोलका आहे. माणशी रोज २०० ग्रॅम ओला कचरा यंत्रात गेला असे समजा. त्यात तीन चतुर्थांश पाणी धरले तर कोरडा घन भाग ५० ग्रॅम उरतो. केंद्र सरकारच्या सांडपाणीविषयक नियमपुस्तिकेत (२०१३) एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्यात ४०.५ ग्रॅम निलंबित घन पदार्थ आणि २७ ग्रॅम जैविक प्राणवायू मागणी धरलेली आहे. जैविक प्राणवायू मागणी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजविताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू. सगळे खरकटे सिंकमध्ये गेले तर सांडपाण्यातील घन पदार्थ दुपटीहून अधिक होतील. दळलेल्या घन भागाच्या निम्म्याएवढीच प्राणवायू मागणी वाढली असे मानले, तरी २७ ग्रॅमची मागणी ५२ ग्रॅमवर जाते. निम्मेच खरकटे यंत्रात गेले असे धरले तरी ती जवळजवळ ४० ग्रॅम होते. ही गृहीतके ढोबळ आहेत. तथापि त्यांतून दिसणारी दिशा बदलत नाही. कचरा नाहीसा होत नसून घनकचऱ्याच्या खात्यातून सांडपाण्याच्या खात्यात वर्ग होतो.

हा वाढीव भार कोठे जातो हे घर कोठे आहे यावर अवलंबून आहे. शहराच्या भूमिगत गटाराला जोडलेल्या घराचा लगदा सार्वजनिक प्रक्रिया केंद्रात जातो, अर्थात वाटेत गळती नसेल तर. बेळ्ळंदूर परिसरातील अनेक मोठ्या संकुलांचे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र तळघरात वा आवारात असते आणि त्याचे शुद्ध केलेले पाणी शौचालयांना व बागेला वापरले जाते. हे केंद्र ठराविक भारासाठी बांधलेले असते. सेंद्रिय भार वाढला की हवा सोडणारे पंप अधिक वेळ चालवावे लागतात, आणि अशा केंद्राच्या वीजबिलात निम्म्याहून मोठा वाटा बहुधा या पंपांचाच असतो. घरात वाचलेली वीज येथे वसूल होते. गाळ वाढतो व तो अधिक वेळा काढावा लागतो.

गाळ काढण्याचा मुद्दा तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूरच्या शेजारच्या एचएसआर लेआउट परिसरात एका निवासी संकुलाच्या प्रक्रिया केंद्राच्या टाकीत उतरलेले तीन कामगार मरण पावले. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा व त्या कामगारांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ मध्ये झाला होता. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात वा टाकीत उतरविणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. संकुलातील रहिवासी सुशिक्षित असले म्हणजे असे घडत नाही, हा समज त्या घटनेने खोटा ठरविला. ‘माझ्या सिंकखालून काय गेले’ आणि ‘तळघरातल्या टाकीत कोण उतरले’ हे दोन प्रश्न एकाच नळीने जोडलेले आहेत.

तलावाची साक्ष

बेळ्ळंदूर हा बंगळूरमधील सर्वांत मोठा तलाव. त्याचे क्षेत्र सुमारे ९०० एकर आहे. बंगळूर हे नदीकाठी वसलेले शहर नाही. उंच पठारावर एकाखाली एक बांधलेल्या तलावांच्या साखळ्यांवर ते वाढले. वरचा तलाव भरला की राजकालुवे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नाल्यांतून पाणी खालच्या तलावात उतरे. बेळ्ळंदूरचे पाणी पुढे वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. हीच नदी तमिळनाडूत प्रवेश करते. एके काळी या तलावावर भातशेती व मासेमारी चाले. बेळ्ळंदूरची ग्रामपंचायत संगणकीकृत कारभारासाठी देशभर नावाजली होती, हेही आज अनेकांना ठाऊक नसते.

शहर वाढले, पावसाच्या पाण्यासाठी असलेल्या नाल्यांत सांडपाणी मिसळले आणि शहराच्या सांडपाण्यापैकी सुमारे चाळीस टक्के या तलावाच्या दिशेने येऊ लागले. साबणातील फेनकारक द्रव्ये, न कुजलेले सेंद्रिय पदार्थ आणि सांडव्यावरून पडताना होणारी घुसळण यांमुळे फेसाचे डोंगर रस्त्यावर उडू लागले. मे २०१५ मध्ये फेसाने पेट घेतल्याची दृश्ये देशाने पाहिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली. १९ जानेवारी २०१८ रोजी लागलेली आग विझविण्यासाठी हजारो जवानांना उतरावे लागले. पाण्याने आग विझते एवढेच शिकलेल्या मुलांना हे समजावून सांगणे अवघड गेले असेल. स्पष्टीकरण मात्र कठीण नाही. प्राणवायूशिवाय कुजणाऱ्या सेंद्रिय गाळातून मिथेन निघतो. पोषक द्रव्यांवर जलपर्णी व गवत माजते. ते वाळले आणि कडेला कचरा पेटविला गेला की ठिणगीची वाट पाहावी लागत नाही.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. डिसेंबर २०१८ च्या आदेशाने कर्नाटक सरकारला तलावांच्या पुनरुज्जीवनासाठी ५०० कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवण्यास सांगितले, राज्यावर ५० कोटी व महानगरपालिकेवर २५ कोटी रुपयांची आकारणी केली आणि न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. त्यानंतर गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. याच खोऱ्यातील प्रक्रिया केलेले पाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांकडे पंपाने नेले जाते. म्हणजे आज बेळ्ळंदूर खोऱ्यातले सांडपाणी केवळ बेळ्ळंदूरचे राहिलेले नाही. प्रक्रिया किती चोख होते यावर कोलारच्या शेतकऱ्याच्या तलावाचे पाणी अवलंबून आहे.

सिंकखालच्या यंत्रांनी हा तलाव बिघडविला असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तलाव मरणपंथाला लागला तेव्हा अशी यंत्रे असलेली घरे फारच थोडी होती. युक्तिवाद इतकाच आहे की जी व्यवस्था मानवी सांडपाण्याचाच भार पेलू शकलेली नाही, तिच्यावर खरकट्याचाही भार टाकण्याचा निर्णय प्रत्येक घराने स्वतंत्रपणे घ्यावा काय?

किंमत कोणाच्या बिलात?

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ (१९२०) या ग्रंथात खासगी व सामाजिक खर्चांतील तफावतीची मांडणी केली. एखाद्या कृतीचा काही खर्च कृती करणाऱ्याऐवजी तिसऱ्यावर पडत असेल, तर ती कृती समाजाला परवडेल त्याहून अधिक प्रमाणात घडते. यालाच बाह्य परिणाम म्हणतात. पिगूंचा उपाय होता त्या तफावतीएवढा कर. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये वेगळा दृष्टिकोन दिला. हक्क स्पष्ट असतील व वाटाघाटीचा खर्च अल्प असेल तर संबंधित पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बेळ्ळंदूरच्या संकुलाला दोन्ही विचार लावून पाहता येतात. संकुलाच्या आत कोस उपयोगी पडतात. ३०० सभासद एका सभागृहात बसू शकतात, प्रक्रिया केंद्राचे वीजबिल सर्वांसमोर ठेवता येते आणि यंत्र बसविणाऱ्यांनी देखभाल खर्चात अधिक वाटा द्यावा असा ठराव होऊ शकतो. परंतु संकुलाच्या कुंपणाबाहेर हा मार्ग संपतो. होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणातून फेसाळ पाणी सुटते तेव्हा तेथील शेतकरी बेळ्ळंदूरच्या बैठकीला हजर नसतो आणि त्याला तेथे बोलावण्याची कोणतीही व्यवस्था नाही.

तेथे कर वा शुल्क हवे. पण शुल्काची रचना महत्त्वाची आहे. बंगळूरमध्ये एप्रिल २०२५ पासून मालमत्ता कराबरोबर घनकचरा शुल्क घेण्यास सुरुवात झाली. निवासी घरांना ते बांधकाम क्षेत्रानुसार महिना १० ते ४०० रुपये ठरविण्यात आले. ही रचना वसुलीस सोपी आहे, तथापि तिच्यात एक उणीव आहे. घराचे क्षेत्र तेच राहिले तर एक किलो कचरा दिला काय आणि पाच किलो दिला काय, शुल्क बदलत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत पुढच्या किलोची सीमान्त किंमत शून्य आहे. सांडपाण्याच्या आकारणीतही घरगुती ग्राहकाच्या सांडपाण्याची घनता मोजली जात नाही. दोन्ही बाजूंना सीमान्त किंमत शून्य असली की निवड सोयीवर होते, आणि सोय अर्थातच बटण दाबण्यात आहे. परीक्षार्थींनी ‘शुल्क आकारले म्हणजे प्रदूषक भरपाई तत्त्व अमलात आले’ असे लिहिण्यापूर्वी हा भेद लक्षात घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. ते तत्त्व दराच्या रचनेत उतरविणे हे वेगळे व अधिक कष्टाचे काम आहे.

नियमांचा रोख मात्र स्पष्ट आहे. बंगळूरच्याच रहिवासी अल्मित्रा पटेल यांच्या १९९६ च्या जनहित याचिकेच्या पाठपुराव्यातून २००० चे घनकचरा नियम आले. त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण बंधनकारक केले, कचरा गटारात व जलाशयात टाकण्यास मनाई केली आणि मोठ्या कचरा उत्पादकांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे सांगितले. २०२६ च्या नियमांत वर्गीकरण ओला, सुका, स्वच्छताविषयक व विशेष काळजीचा असे चार प्रकारांत आहे, आणि दिवसाला १०० किलो कचरा हा मोठ्या उत्पादकाचा एक निकष आहे. आपल्या उदाहरणातील ३०० सदनिकांचा ओला कचराच २४० किलो होतो. दळून नाल्यात सोडला म्हणून तो या जबाबदारीतून सुटतो असा अर्थ काढणे नियमाच्या हेतूशी विसंगत ठरेल.

इतरत्र काय झाले

या यंत्राला सरसकट दोष देणाऱ्यांनी परदेशातील अनुभव पाहावा. न्यूयॉर्क शहरात पावसाचे पाणी व मैला एकाच गटारातून वाहणाऱ्या भागांत या यंत्रांना १९७० च्या दशकापासून बंदी होती. चाचणी घेतल्यानंतर १९९७ मध्ये ती उठविण्यात आली. स्वीडनमधील सुराहामार या लहान गावात सुमारे निम्म्या घरांनी यंत्रे बसविली. तेथे गटारे तुंबल्याचा अनुभव आला नाही, उलट प्रक्रिया केंद्रातील जैववायूचे उत्पादन वाढले. जपानमधील अनेक नगरपालिका इमारतीची स्वतःची प्रक्रिया टाकी असेल तरच यंत्र बसवू देतात. तिन्ही ठिकाणचे उत्तर वेगळे आहे, कारण नळीच्या शेवटी असलेली व्यवस्था वेगळी आहे. ज्या केंद्रात गाळापासून जैववायू मिळविला जातो तेथे खरकटे इंधन ठरते. जेथे गाळ टँकरने कोठेतरी रिकामा केला जातो तेथे ते केवळ ओझे असते.

बेळ्ळंदूरच्या संकुलांपुढे दुसरा मार्गही आहे. २४० किलो ओल्या कचऱ्यापासून सुमारे ५० ते ६० किलो खत मिळू शकते. त्यासाठी सुकी पाने किंवा नारळाचा भुसा, चाळीसपंचेचाळीस दिवसांचा काळ, थोडी मोकळी जागा आणि रोज लक्ष देणारे एक माणूस लागते. शेजारच्या एचएसआर लेआउटमध्ये नागरिकांनी खतनिर्मिती शिकविणारे केंद्र उभे केले आहे. पुणे महानगरपालिकेने गांडूळ खत करणाऱ्या मिळकतींना करात सवलत देऊन हाच मार्ग किमतीच्या भाषेत सांगितला. खताला ग्राहक मिळत नाही ही तक्रार खरी आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरी खताच्या विक्रीसाठी टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य सुरू केले होते, ते याच कारणासाठी. शिवाय खताच्या पेटीला वास येतो, पावसाळ्यात अळ्या होतात आणि हे काम शेवटी घरकामगार व सफाई कामगारांच्याच वाट्याला येते. खतनिर्मितीचे समर्थक हा श्रमाचा भाग हिशेबात धरत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे. त्या माणसाला रास्त वेतन व हातमोजे दिल्यावरही जो खर्च येईल, त्याची तुलना प्रक्रिया केंद्राच्या वाढीव वीजबिलाशी व गाळाच्या टँकरशी करावी.

बेळ्ळंदूरमधील एखाद्या कुटुंबाने सल्ला विचारल्यास उत्तर असे देता येईल. वृद्धापकाळ वा अपंगत्वामुळे कचऱ्याची बादली खाली नेणे अशक्य असेल, संकुलाच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता तपासून व्यवस्थापनाने लेखी संमती दिली असेल आणि भिंतीतील नळीची उंची योग्य असेल, तर यंत्र जरूर बसवावे आणि त्यात ताटातले थोडे खरकटे तेवढे टाकावे. या तीन अटींपैकी मधली अट पुरी होत नसेल, तर ते पैसे झाकणाच्या दोन बादल्या व खताच्या पेटीवर खर्च करणे अधिक योग्य ठरेल. संकुलाच्या सचिवाने तोवर निदान मागील बारा महिन्यांची प्रक्रिया केंद्राची वीजबिले, गाळ काढल्याच्या तारखा आणि तो कोणी, कशा रीतीने काढला याची नोंद सूचना फलकावर लावावी. त्या नोंदीशिवाय या विषयावर होणारी सभा अंदाजांवरच चालेल.